इंदूरच्या विजयनगरातलं डिमसम: हात चांगला, पण टेबलावर येईतो गार

निकाल आधी, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचावं लागणार नाही. मंगळवार ते गुरुवार, दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान जा. वाफवलेलं जास्त मागवा, नूडल्स आणि फ्राइड राइसच्या नादी लागू नका. शनिवारी रात्री गेलात तर हेच रेस्टॉरंट निम्म्या पैशांतही महाग वाटेल. स्वयंपाकी तेच, सारण तेच, स्टीमरही तोच. बिघडतं ते किचनच्या खिडकीपासून तुमच्या टेबलापर्यंतच्या पाच-सात मिनिटांत. रेस्टॉरंटचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि इंदूरात डिमसम (चहासोबतचे छोटे चिनी पदार्थ, बरेचसे वाफवलेले) देणाऱ्या बाकीच्या ठिकाणीही त्या तपासून बघण्यासारख्या आहेत.

पाच-सात मिनिटांचं एवढं काय, हे कळायला डंपलिंगची पारी कशी होते ते माहीत हवं. कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनमधलं, हार गाव, म्हणजे मेनूवर ‘क्रिस्टल डंपलिंग’ म्हणून जे असतं त्याचं मूळ, मोमोसारखं मैद्याचं नसतं. पारी गव्हाच्या स्टार्चची. कुरडयांसाठी आपण जो चीक काढतो तोच, वाळवून पीठ केलेला. दोन-तीन भाग हे पीठ, एक भाग टॅपिओका स्टार्च, किंचित मीठ, आणि त्यावर खळखळ उकळतं पाणी ओतून उकड काढायची. झाकून पाच मिनिटं ठेवायची, मग थोडं तेल लावून मळायची. पाणी जरा निवलेलं असलं की स्टार्च कच्चं राहतं आणि कळ्या पाडताना पारी चिरते. ही उकड लाटतही नाहीत. तेलाचा हात लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने गोळी दाबून चकती पसरतात. कळ्या एकाच बाजूला. जुना दंडक किमान सातचा, चांगला हात दहाच्या पुढे जातो. इथे नऊ-दहा दिसतात आणि त्या हाताने पाडलेल्या आहेत, कारण शेवटची कळी प्रत्येक नगात थोडी आखूड येते. साच्यातून काढलेल्या कळ्या सगळ्या एका मापाच्या असतात.

या पारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हाला चिवटपणा देणारं प्रथिन, नसल्यात जमा असतं, म्हणून गार होणं तिला सोसत नाही. वाफेवरून उतरल्यावर तीन-चार मिनिटं ती लवचीक असते, आतल्या झिंग्याचा गुलाबी रंग बाहेरून दिसतो. मग स्टार्च आवळायला लागतं. पारी दुधट होते, कडा चामट होतात, तळ कागदाला धरतो आणि चॉपस्टिकने उचलताना सारण बास्केटमध्ये आणि टोपी हातात अशी गत होते. मैद्याचा मोमो दहा मिनिटं तग धरतो, हे धरत नाही. (सिलिॲकचा, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा, त्रास असलेल्यांनी तरीही ही पारी ग्लूटेनमुक्त समजू नये. चिकात थोडं ग्लूटेन उरतंच.)

झिंगा इथला चांगला आहे. मुंबई इथून रस्त्याने जवळपास सहाशे किलोमीटर, तेव्हा माल गोठवलेला येणार हे गृहीत धरायचं आणि त्यात कमीपणाही नाही. खराबी होते ती तो चुकीच्या पद्धतीने वितळवल्याने, किंवा एकदा वितळलेला पुन्हा गोठवल्याने. असा झिंगा दाताखाली पीठ होतो. दुसरं टोक म्हणजे कुरकुरीतपणासाठी खायचा सोडा जास्त लावून नीट न धुतलेला झिंगा. तो रबरी लागतो आणि मागे साबणासारखी चव ठेवतो. इथे दोन्ही नाही. अर्धा झिंगा बारीक चिरलेला, अर्धा मोठ्या तुकड्यांत, मध्ये बांबूच्या कोंबाचे बारीक तुकडे. पहिला नग कुठल्याही सॉसशिवाय खा.

शू मायची गोष्ट थोडी वेगळी. मुळात ते डुकराचं मांस आणि झिंग्याचं, पिवळ्या मैद्याच्या पारीत, तोंड उघडं ठेवलेलं. इंदूरात डुक्कर चालणार नाही हे उघड आहे, म्हणून कोंबडी. पण मांसातली चरबी गेली की सारणाचा ओलावाही जातो. नुसत्या छातीच्या मांसाचं शू माय भुसभुशीत होतं आणि घशात अडतं. इथे मांडीचं मांस वापरतात, हाताने चिरलेलं, खिमा यंत्रातला नाही. तुकडे दिसतात, रस सुटतो. एका बास्केटमध्ये चार नग. तिघं-चौघं गेलात तर दोन बास्केट मागवा. मात्र एकदम नको, त्याचं कारण पुढे येतंच.

राइस रोल, म्हणजे च्युंग फन, हा इथला सगळ्यात चांगला पदार्थ आणि वाढपात सगळ्यात जास्त नासवलेलाही. तांदळाच्या पिठाचं अगदी पातळ मिश्रण तेल लावलेल्या ट्रेमध्ये ओतून दोन-तीन मिनिटं वाफवतात आणि ती पातळ चादर खरवडून गुंडाळतात. तांदळाचं पीठ तळाला बसतं, म्हणून प्रत्येक ट्रे ओतण्याआधी मिश्रण ढवळावं लागतं. न ढवळता ओतलं की पहिले रोल पचपचीत आणि शेवटचे जाड होतात. इथला शाकाहारी रोल आत कुरकुरीत तळलेली जाळी घालून येतो, त्यात मशरूम आणि शिंगाडा. बाहेर मऊ, आत कुरकुरीत, एवढीच त्याची गंमत. त्यासाठी गोडसर सोया सॉस टेबलावर, खायच्या क्षणी ओतायला हवा. दुपारी वेटर लहान किटली घेऊन येतो आणि तुमच्यासमोर ओततो. शनिवारी हाच सॉस किचनमध्ये ओतून प्लेट खिडकीत ठेवली जाते. टेबलावर येईतो जाळीने सॉस पिऊन टाकलेला असतो आणि ती ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकते. उपाय साधा आहे: ऑर्डर देतानाच सांगा, सॉस अलग से. हिंदीत सांगा, किचनमध्ये तेच पोचतं.

शिंगाड्याचं एक बघून ठेवा. चिनी स्वयंपाकातला वॉटर चेस्टनट ही वेगळी वनस्पती, तो डब्यातून येतो आणि शिजल्यावरही करकरीत राहतो. आपल्या तळ्यातला शिंगाडा शिजला की पिठूळ होतो. हिवाळ्यात शिंगाडे बाजारात आले की काही स्वयंपाकी दोन्ही मिसळतात. चव वाईट नाही, पण कुरकुर अर्धीच उरते.

मुळ्याची वडी, लो बाक गो, मेनूवर ‘टर्निप केक’ म्हणून आहे. फसू नका, सलगम नव्हे, पांढरा मुळाच. किसलेला मुळा आणि तांदळाचं पीठ वाफवून, गार करून, जाड कापून तव्यावर दोन्हीकडून लालसर करतात. मूळ पाककृतीत सुके झिंगे आणि चिनी सॉसेज असतं, त्यामुळे शाकाहाऱ्यांनी विचारूनच घ्यावी. इथे शाकाहारी आहे. हा पदार्थ तव्यावरून येतो, उशीर झाला तरी फार बिघडत नाही. गर्दीच्या दिवशी जायचंच झालं तर यावर भर द्या.

बाओ, म्हणजे सारण भरलेला वाफवलेला पाव, ठीक. पीठ पांढरं, मऊ, किंचित गोड. कधी वरच्या सालीवर पिवळे ठिपके दिसतात, ती न विरघळलेली बेकिंग पावडर. एडामामे-ट्रफल (कोवळं हिरवं सोयाबीन आणि ट्रफल नावाची महागडी, वासाची बुरशी) डंपलिंग टाळलंत तरी काही बुडणार नाही. वासावरून तरी ट्रफल तेलच वाटतं, आणि बहुतेक ट्रफल तेलांतला तो वास प्रयोगशाळेतला असतो. पहिल्या घासाला भारी वाटतो, तिसऱ्यानंतर पुढच्या प्रत्येक पदार्थाला तोच वास येतो. घ्यायचंच तर सगळ्यात शेवटी घ्या.

आता शनिवारी रात्री काय होतं ते. किचन काचेमागे आहे, त्यामुळे उभं राहून बघता येतं. स्टीमरला सहा भोकं आहेत. दुपारी प्रत्येक भोकावर दोन-तीन बास्केट, रात्री पाच-सहा. खालच्या बास्केटला वाफ जोरात लागते, वरच्यापर्यंत पोचताना ती मंद होते. हार गावला साधारण सहा मिनिटं, शू मायला आठ, बाओला दहा-बारा लागतात. चळत वेगवेगळ्या पदार्थांची असेल तर मधली बास्केट काढायला सगळी चळत उचलावी लागते, वाफ निघून जाते आणि वरच्यांचा हिशेब चुकतो. घाईत आख्खी चळत एकदम उतरवतात. मग एकाच टेबलावर एक बास्केट कच्ची आणि एक जास्त शिजलेली येते. ओळखायची खूण: कळ्यांच्या मुळाशी खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कच्चं आहे, परत पाठवा, दोन मिनिटांत होऊन येईल. पारी फुटून सारणाचा रस कागदावर आला असेल तर जास्त झालंय. ते परत पाठवून सुधारत नाही, नवीनच मागा.

याहून मोठी अडचण खिडकीत होते. ऑर्डर एकत्र दिली की एकच तिकीट, म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी, छापलं जातं, आणि इथली पद्धत तिकीट पूर्ण झाल्यावर ट्रे उचलायची. तुमचं डंपलिंग सहा मिनिटांत तयार, पण त्याच तिकिटावर हक्का नूडल्स असतील आणि कढईपाशी पंधरा ऑर्डरी रांगेत असतील, तर डंपलिंग खिडकीत ताटकळत बसतं. त्यात भर म्हणजे ट्रे सुंदर दिसावा म्हणून झाकणं आधीच काढलेली. बांबूचं झाकण शोभेचं नसतं. ते वाफेचं पाणी शोषतं, थेंब खाली पडू देत नाही आणि ऊब धरून ठेवतं. ते टेबलावरच उघडायला हवं. दुपारी तसं होतं. शनिवारी पहिली बास्केट पस्तीस मिनिटांनी आली, झाकणाशिवाय, आणि तिच्यासोबत बाकीच्या पाचही. चौघांच्या टेबलावर सहा बास्केट, चार प्लेटा, सॉसच्या वाट्या आणि चहाची किटली मावत नाही. वेटरने दोन बास्केट शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

यावरचा तोडगा गिऱ्हाइकाच्या हातात आहे. टप्प्याने मागवा. पहिल्या फेरीत दोनच वाफवलेल्या बास्केट आणि एक तव्यावरचा पदार्थ. ते टेबलावर आलं की दुसरी ऑर्डर द्या. नूडल्स हवेच असतील तर वेगळं तिकीट काढायला सांगा. क्यूआर कोड स्कॅन करून ऑर्डर देऊ नका, कारण त्यात ‘हे नंतर आणा’ सांगायला जागाच नाही आणि सगळं एका तिकिटावर जातं. टेबल निवडायची संधी मिळाली तर किचनच्या खिडकीकडच्या भिंतीलगतचं घ्या. भांड्यांचा आवाज आहे, पण बास्केट तिथे सर्वांत आधी पोचते. कोपऱ्यातले मऊ सोफे फोटोला छान आहेत, खायला लांब.

बसायला मिळणं हाही एक भाग आहेच. टोकन दारावर घेतात आणि नंबर आल्यावर फोन करतात. सांगितलेल्या वीस मिनिटांची पन्नास होतात. सगळी माणसं आल्याशिवाय बसवत नाहीत, तेव्हा राजेंद्रनगरहून निघालेल्या भावजींची वाट बघत दारात उभं राहायची तयारी ठेवा. पार्किंगबद्दल न बोललेलं बरं.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी दोन गोष्टी नीट विचारून घेण्यासारख्या आहेत, आणि त्या मेनूवर कुठेच लिहिलेल्या नाहीत. पहिली: शाकाहारी बास्केटची चळत वेगळी असते का? बास्केटचा तळ जाळीचा असतो. खाली झिंग्याची बास्केट असेल तर तिची वाफ तुमच्या मशरूमच्या बास्केटमधून वर जाते, आणि वरच्या बास्केटमधला रस खाली ठिबकतो. वेगळी भांडी, वेगळी सुरी या सगळ्याला मग अर्थ उरत नाही. इथे डावीकडची दोन भोकं शाकाहारासाठी राखलेली आहेत, त्यांच्या बास्केटला हिरवी दोरी बांधलेली असते. दुपारी हा नियम काटेकोर पाळतात. शनिवारी एका हिरव्या दोरीच्या बास्केटवर बिनदोरीची चढलेली काचेतून स्पष्ट दिसली. विचारल्यावर मॅनेजरने ती चळत उतरवली आणि शाकाहारी बास्केट नव्याने लावायला सांगितली, कुरकुर न करता. पण विचारावं लागलं.

दुसरी गोष्ट, ‘जैन हो जाएगा भिया’ या उत्तराची. भाजी परतायच्या पदार्थात कांदा-लसूण वगळता येतो. डंपलिंगचं सारण सकाळीच तयार होतं, त्यातून आलं-लसूण-गाजर वेचून काढता येत नाही. तेव्हा ‘जैन मिळेल का’ असं विचारू नका. विचारा: ‘जैन सारण वेगळं केलेलं आहे का, आणि आज कोणत्या दोन प्रकारांत आहे?’ इथे मका-पालक आणि पनीर-सिमला मिरची असे दोनच प्रकार आहेत आणि तेही संध्याकाळी सातपर्यंत संपतात. चिली ऑइलमध्ये लसूण असतो. मशरूमच्या पदार्थात ऑयस्टर सॉस वापरला असेल तर तो कोणता, हेही विचारा, कारण खरा ऑयस्टर सॉस कालवांचा असतो आणि शाकाहारी पर्याय मशरूमचा. पारीतला टॅपिओका कसावाच्या मुळापासून काढतात, कंदमूळ कडक पाळणाऱ्यांनी तेही लक्षात घ्यावं. साबुदाणाही त्याच मुळाचा आणि तो आपल्याकडे उपवासाला चालतो, पण हा वाद इथे नको.

शाकाहारी सारणात सर्वसाधारण दोष पाण्याचा असतो. कोबी आणि पालक मीठ लावून, दहा-पंधरा मिनिटांनी घट्ट पिळले नाहीत तर वाफेवर पाणी सुटतं आणि पारी आतून फाटते. इथलं मका-पालक कोरडं आणि बांधलेलं आहे. आजूबाजूच्या ठिकाणांपेक्षा हे त्यांनी चांगलं सांभाळलंय.

चहावर फारसं लिहिण्यासारखं नाही, आणि खरं तर असायला हवं होतं. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात डिमसम हे चहासोबतचं, सकाळपासून दुपारपर्यंतचं खाणं. तेलकट, तिखट, गोड या सगळ्यांमध्ये तोंड धुवायला चहा असतो, आणि किटलीचं झाकण थोडं सरकवून ठेवलं की पाणी भरून हवंय असा इशारा समजतात. इथे जास्मिन चहा पिशवीचा येतो, पाणी पुन्हा भरून देतात पण मागितल्यावर. सुटी पानं आणि एक मोठा थर्मास, एवढ्यानेही काम भागलं असतं. गिऱ्हाईक बहुतेक लेमन आइस्ड टी मागवतं, म्हणून मालकालाही घाई नसावी.

वेटरांबद्दल. जुने दोन-तीन जण पदार्थ ओळखून आहेत. कशात तीळ, कशात शेंगदाणा, कशात झिंगा ते न विचारता सांगतात, रिकामी बास्केट लगेच उचलतात, मुलांसाठी बिनतिखट सॉस आणतात. नवी मुलं पाठ केलेलं ‘आमची स्पेशालिटी’ म्हणतात आणि ते दर वेळी सर्वांत महागडं डंपलिंग निघतं. गर्दीच्या दिवशी जुने सगळे खिडकीवर ट्रे जुळवत असतात आणि टेबलं नव्यांकडे. उलटं करायला हवं.

बिल येताना नजर ठेवा. बास्केटची किंमत बघून तुलना करू नका, नगावर आणा. चारशेची चार नगांची बास्केट म्हणजे एक नग शंभरला, आणि साडेचारशेची सहा नगांची म्हणजे पंचाहत्तरला. मेनूवर नग छापलेले आहेत, बारीक अक्षरात. जीएसटी ५ टक्के, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज मात्र सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. इथे १० टक्के आपोआप लावलेला असतो. दोन हजारांच्या जेवणावर दोनशे, शिवाय त्या दोनशेवर जीएसटी. काढायला सांगितलं की काढतात, चेहरा थोडा पडतो. न काढल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. वाढप आवडलं तर त्या वेटरच्या हातात पैसे द्या.

पार्सलचं शेवटी. वाफवलेलं डिमसम प्लास्टिकच्या डब्यात बंद करून वीस मिनिटं स्कूटरवर फिरलं की झाकणाचं पाणी पारीवर पडतं आणि सगळे नग एकमेकांना चिकटतात. राइस रोल तर अजिबात मागवू नका. शू माय, बाओ आणि मुळ्याची वडी चालते. घरी आल्यावर शू माय आणि बाओ मोदकपात्रात कोबीच्या पानावर, नगांमध्ये बोटभर अंतर ठेवून तीन मिनिटं वाफवा. मायक्रोवेव्ह नको, त्यात कडा वाळून कडक होतात. याहून बरं म्हणजे काउंटरवर गोठवलेली पाकिटं विचारा. मेनूवर नाहीत, पण देतात. ती वितळवू नका, वितळली की पारी ओली होऊन फाटते. फ्रीजरमधून थेट उकळत्या पाण्यावरच्या चाळणीत ठेवा आणि नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त द्या.